एका पट्टीच्या दोन अंगठ्या

१

लग्नाची अंगठी बोटात घातली की झालं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. अंगठी झिजते. तिच्या आतल्या बाजूला साबण बसतो, घाम बसतो, बारीक धूळ बसते. वर्षातून एकदा तरी ती कारागिराच्या हातात द्यावी लागते. एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही, म्हणून म्हातारा सोनार दिवसभर चिडलेला असायचा.

दुकान अरुंद होतं. पुढे काचेचं काउंटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. मग जाड पडदा, आणि पडद्यामागे त्याचं कामाचं टेबल. नवे दागिने करणं त्याने कधीच सोडलं होतं. आता फक्त लग्नाच्या अंगठ्या. धुणं, उजाळा देणं, सैल झालेली लहान करणं, घट्ट झालेली मोठी करणं.

"काका, जरा काळी पडलीय," असं म्हणत कोणी अंगठी पुढे केली की तो डोळ्याला भिंग लावून आधी अंगठी बघायचा, मग त्या माणसाला.

"भांडी घासताना काढता?"

"नाही."

"मग मी काय करू? भांड्यांबरोबर घासलीत, आता ती भांड्यासारखीच दिसणार. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. एवढं पुरतं. टूथपेस्ट लावू नका. परवा एकजण लावून आला होता. फार शिकलेला होता."

त्याचे काही नियम होते. टेबलावर एका वेळी एकाच जोडप्याच्या अंगठ्या. कानशीने पडलेला कीस ज्याचा त्याच्या पुडीत. एकाचं सोनं दुसऱ्याच्या अंगठीत जायचं नाही, चिमूटभरही नाही. पन्नास वर्षं त्याने हे सांभाळलं. मोडलं ते घरच्यांसाठी.

लेकीच्या लग्नात दोन्ही अंगठ्या त्याने स्वतः केल्या होत्या. एकच लगड ओतली, ठोकून तिची एकच पट्टी काढली, ती मधोमध कापली आणि दोन अंगठ्या वळवल्या. लेक एकुलती एक. दणकट बांध्याची. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची. हसली की काउंटरवरची काच थरथरायची. सहा वर्षांची असताना तिने बापाच्या टेबलावरच्या तापलेल्या अंगठीला बोट लावलं होतं. त्या बोटावर तांदळाच्या दाण्याएवढा डाग होता, आणि पुढे लग्नाची अंगठी त्याच बोटात आली. जावई ग्रंथालयात कामाला. काटकुळा, जाड चष्म्याचा, पाण्याला भिणारा. पण स्वभावाने गरीब. सोनाराची बायको म्हणायची, "भांडण झालं तर आपली पोर त्याला उचलून कपाटावर ठेवील."

वर्ष झालं तशी दोघं अंगठ्या घेऊन आली.

"मामा, जरा घट्ट होतेय," जावई म्हणाला. "साबण लावूनसुद्धा निघत नव्हती."

"आणि माझी निसटतेय," लेक म्हणाली. "परवा तलावात पडली. तळापर्यंत बुडी मारून काढली, बाबा! पोरांनी टाळ्या वाजवल्या."

सोनाराचा पारा चढला. "अंगठी घालून त्या पाण्यात उतरतेस? त्यात औषध घालतात, सोन्याचं वाटोळं होतं. सोनाराची पोर ना तू?"

"म्हणून तर बिनधास्त आहे."

मापाच्या दांड्यावर त्याने दोन्ही अंगठ्या चढवल्या, मग दोघांची बोटं मोजली. तिची अंगठी एक नंबर सैल होती. त्याची एक नंबर घट्ट.

"लग्न मानवलंय जावईबापूंना," बायको म्हणाली.

सैल अंगठी लहान करायची म्हणजे तिच्यातला तुकडा कापून काढायचा आणि टोकं जुळवायची. घट्ट मोठी करायची म्हणजे ती कापून मधे तुकडा घालायचा. तुकडा दुसऱ्या सोन्याचा असला की रंगाचा फरक पडतो. जाणत्याला दिसतोच. सोनाराच्या चिमट्यात लेकीच्या अंगठीतून निघालेला तुकडा होता आणि समोर जावयाची कापलेली अंगठी. एकाच पट्टीतल्या. रंग तोच, कस तोच. त्याला नियम आठवला. "घरचंच तर आहे," तो पुटपुटला, आणि तुकडा बसवला.

जोड असा उतरला की भिंगातून त्याचा त्यालाच सापडेना. त्या दिवशी तो एकाही गिऱ्हाइकावर ओरडला नाही.

२

वर्ष सोडाच, चार महिन्यांत दोघं परत आली.

लेक वाळली होती. गालांत खड्डे नव्हते, पण भराव गेला होता. जिन्याच्या चार पायऱ्या चढून आली आणि येताच खुर्चीत बसली.

"काय गं? खातेस ना?"

"खाते की. विचारा यांना."

"चांगलं खाते, मामा," जावई म्हणाला. त्याच्या शर्टाची शिवण खांद्यापाशी ताणली होती. "मीच जास्त खातोय बहुतेक."

बोटं मोजली. तिचं बोट दोन नंबर उतरलं होतं. त्याचं दोन नंबर चढलं होतं. सोनाराने दांडा पुसून पुन्हा मोजलं. तेच. जितकं हिचं उतरलं तितकंच याचं चढलं. होतं असं, तो मनाशी म्हणाला. माणसं जाड होतात, बारीक होतात. पन्नास वर्षांत बघितलेली बोटं काही थोडी नव्हेत.

पण एवढं मोजून मापून?

तो पडद्यामागे गेला. तिच्या अंगठीतला तुकडा कापला, त्याच्या अंगठीत घातला. या वेळी नियम आठवलासुद्धा नाही. जोड देत असताना बाहेर बायकोने काहीतरी थट्टा केली आणि लेक हसली. तेच हसणं, पोटातून आलेलं, काच थरथरवणारं. सोनाराला बरं वाटलं. आवाजात दम आहे म्हणजे पोर ठीक आहे.

हातातलं काम ठेवून त्याने पडदा बाजूला केला.

लेक खुर्चीत झोपली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. बायको तिच्या अंगावर शाल घालत होती. आणि जावई काउंटरला हात टेकून हसत होता. मान मागे टाकून, पोटातून. काच थरथरत होती.

"काय झालं, मामा?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"काही नाही," सोनार म्हणाला आणि पडदा ओढून घेतला. नवरा-बायको एकत्र राहिले की एकमेकांच्या सवयी लागतात. त्याच्या बायकोलाही त्याची कपाळाला आठ्या घालायची सवय लागली होती. असं त्याने स्वतःला समजावलं. 

३

पुढे दीड महिना लेकीने फोन उचलला नाही. उचलायचा तो जावई. "झोपलीय, मामा." "आताच आडवी झाली, मामा." सोनार फोन आपटायचा आणि बायकोवर ओरडायचा. बायको म्हणायची, "लग्न झालेली पोर आहे. ऊठसूट काय फोन करायचा?"

एका सकाळी दुकान बंद ठेवून तो तलावावर गेला. लेकीला तिथेच गाठू, जावयाच्या माघारी सरळ विचारू, असा त्याचा बेत होता.

दारावर तिकिटं देणारी बाई होती. तिने त्याला ओळखलं.

"ती? ती महिनाभर झाला येत नाही, काका. तिच्या जागी मिस्टर येतात ना. काय पोहतात हो! बाईंपेक्षा काकणभर सरस."

"तो? तो गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरत नाही."

"मग आत जाऊन बघा," बाई हसली.

आत ओल्या फरशीवर आवाज घुमत होते. औषधाचा वास नाकात चढत होता. काठावर दहा-बारा मुलं रांगेत बसली होती, आणि निळ्या पाण्यातून एक माणूस सरळ रेषेत येत होता. खांद्यांचा एक झोका, मग दुसरा. श्वास घ्यायला तोंड डावीकडेच वळायचं. लेक तशीच पोहायची. उजवीकडून श्वास घे म्हणून तिचे मास्तर लहानपणी तिला रागवायचे. तिने शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

माणूस काठाला लागला, दोन्ही हातांवर अंग तोलून एका झटक्यात वर आला. चष्मा नव्हता. पाणी गळत होतं.

"बाबा! तुम्ही इकडे कुठे?"

सोनाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी तुमचा बाबा कधीपासून?"

जावई गोंधळला. "बाबा म्हणालो का? चुकलं, मामा. तोंडात बसलंय."

"पोहायला कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही." तो प्रामाणिकपणे विचार करत होता, हे दिसत होतं. "एक दिवस तिला डबा द्यायला आलो. काठाला उभा होतो. उतरलो, आणि येत होतं."

"आणि चष्मा?"

"लागत नाही हल्ली."

त्याने डोळ्यांवरचे केस मागे सारले. हात वर गेला तशी अंगठी चमकली. तिला लागून, त्याच बोटावर, तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका डाग होता. जुना. कातडी ओढलेली. पंचवीस वर्षांपूर्वी भाजल्यासारखा.

सोनाराने त्याचं मनगट पकडलं. "हे काय आहे?"

"कुठे?" जावयाने बोटाकडे बघितलं. "हे होय? हे लहानपणचं आहे. भाजलं होतं."

"कशाने भाजलं?"

तो बोलायला गेला आणि थांबला. कपाळावर आठी आली. मुलं काठावरून बघत होती. एका मुलीने पाण्यात पाय आपटले.

"आठवत नाही," तो म्हणाला. "कुठल्यातरी टेबलावर काहीतरी ठेवलेलं होतं. चमकत होतं."

४

तिथून सोनार तडक लेकीच्या घरी गेला. तिसरा मजला. बेल वाजवली आणि कान देऊन उभा राहिला. आतून पाऊल वाजलं नाही, तरी दार उघडलं.

लेक दारात होती. खांदे गेले होते. गाउन हँगरला लावावा तसा अंगावर होता. ती भिंत धरत धरत परत गेली आणि खुर्चीत बसली. खोली नीटनेटकी होती. कपाटावर तिने जिंकलेले पेले पुसून ठेवलेले, ओळीत, जावयाच्या शिस्तीने.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"सगळं ठीक आहे म्हणाला. रक्त, छाती, सगळं. तीन वेळा तपासलं." आवाज कागदासारखा कोरडा होता. "दुखत नाही काही, बाबा. हलकं वाटतं."

"हात दाखव."

तिने हात पुढे केला. अंगठी बोटावर राहावी म्हणून तिने तिला दोरा गुंडाळला होता. सोनार अंगठी काढायला गेला. ती काढावी लागलीच नाही, बोट खाली केलं तशी घरंगळली. तिच्या जागची कातडी गुळगुळीत होती. डाग नव्हता. चार वर्षांच्या मुलीच्या बोटासारखी.

"तुला भाजलं होतं ते आठवतं?"

"कधी?"

"लहानपणी. माझ्या टेबलापाशी. मी तुला एक थप्पड मारली होती आणि मग रात्रभर मांडीवर घेऊन बसलो होतो."

लेकीने बापाकडे बघितलं. तिला त्याचं मन मोडवत नव्हतं. "असेल, बाबा," ती म्हणाली.

घरी येऊन त्याने पहिला राग बायकोवर काढला. तुझाच लाडका जावई. पोरीला खातोय, डोळ्यांदेखत खातोय. बायकोने ऐकून घेतलं. तिचं रडून झालं होतं. मग म्हणाली, "त्याने काय केलं, ते तरी सांगा. तो बिचारा तिला भरवतो, पाय चेपून देतो. हात लावला तो तुम्ही. अंगठ्यांना तुमच्याशिवाय कोणी हात लावलाय?"

ती ते रागाच्या भरात, बोलायचं म्हणून बोलली होती. पण सोनाराच्या मनात ते रुतलं. तो उठून दुकानात गेला आणि दिवा न लावता टेबलापाशी बसून राहिला. दोन तुकडे. स्वतःच्या चिमट्याने उचललेले. घरचंच तर आहे.

हे शक्य नाही, हे त्याला कळत होतं. सोनं म्हणजे सोनं. ते वितळतं, वळतं, झिजतं. याहून जास्त ते काही करत नाही. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना बोलावून घेतलं.

५

"काढा अंगठी," तो जावयाला म्हणाला.

"हो, बाबा." त्याने मुकाट काढून दिली. त्याच्या या गरीबपणाचाच सोनाराला सगळ्यात जास्त संताप यायचा. भांडला असता तर हात तरी उगारता आला असता.

पडद्यामागे त्याने अंगठी भिंगाखाली धरली. दोन जोड शोधायचे, दोन तुकडे कापून काढायचे, लेकीच्या अंगठीत परत बसवायचे. अर्ध्या तासाचं काम.

जोड सापडेना.

त्याने अंगठी तापवली. तापलं की जोड आधी रंग बदलतो. सगळी अंगठी एकसारखी लाल झाली. तेजाबात बुडवली. एकसारखी उजळली. आतून बघितली, बाहेरून बघितली, कडेने बघितली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसऱ्या कोणाचं काम असतं तर त्याने चार ठिकाणी खोड काढली असती. हे त्याचं होतं. ते भरीव आणि अखंड होतं. त्याने दातओठ खाल्ले आणि स्वतःच्या हातांना शिव्या घातल्या.

शेवटी अंदाजाने कापलं. तुकडे जिथे बसवल्याचं आठवत होतं, तिथून दोन तुकडे काढले आणि लेकीच्या अंगठीत घातले. अंगठ्या धुतल्या, पुसल्या, दोघांच्या बोटात स्वतः घातल्या. मापाने बसायला नको होत्या, तरी दोन्ही बसल्या. तिची दोऱ्याशिवाय बसली.

आठवड्याने बायको लेकीकडे जाऊन आली ती हसत. "अहो, उठून बसली. दोन घास जास्त जेवली. गालांवर रंग आलाय."  सोनाराने हातातली अंगठी खाली ठेवली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. संध्याकाळी तो स्वतः गेला.

दार जावयाने उघडलं. तो जरा थकल्यासारखा दिसत होता. लेक खिडकीपाशी बसली होती, ताठ, मांडीवर जाड पुस्तक. तिने आयुष्यात कधी पुस्तक पुरं वाचलं नव्हतं. डोळ्यांवर जावयाचा जाड चष्मा होता. तिने तो बोटाने नाकावर वर सरकवला. दोनदा, जसा तो सरकवायचा.

"या, मामा," ती म्हणाली. "बसा ना. मामी नाही आल्या?"

सोनार उभाच राहिला. न्हाणीघरात नळाखाली बादली भरून वाहत होती. कोणीतरी नळ बंद करायला हवा होता. लेकीने त्या आवाजाकडे बघितलं आणि पाय हळूच खुर्चीवर ओढून घेतले.

"मला पाण्याचा आवाज सहन होत नाही," ती लाजून म्हणाली.

"मी करतो बंद, मी करतो," जावई म्हणाला. पण तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, न्हाणीघर कुठल्या बाजूला आहे ते विसरल्यासारखा.

६

"आता हात लावू नका," बायको म्हणाली. तिने त्याची बाही धरली होती. "पाया पडते तुमच्या. आहे ते असू दे. दोघंही जिवंत आहेत."

"जिवंत आहेत? कोण जिवंत आहे? नाव घेऊन सांग, कोण?"

बायकोने बाही सोडली. ती घरातच थांबली, दुकानात आली नाही.

त्याने ठरवलं होतं. आता ठिगळं नाहीत. दोन्ही अंगठ्या मुशीत घालायच्या, वितळवायच्या, पहिल्यासारखी एक लगड ओतायची, पहिल्यासारखी एक पट्टी काढायची आणि मधोमध कापून पुन्हा दोन अंगठ्या वळवायच्या. ज्या क्षणी सगळं ठीक होतं तिथे मागे जायचं. मी केलं, मी मोडणार, मीच पुन्हा करणार. तो रागाने इतका पेटला होता की भीतीला आत शिरायला जागाच नव्हती.

दुपारचे तीन वाजले होते. दोघं पुढच्या खुर्च्यांवर बसली होती. अंगठ्या त्यांनी न विचारता काढून दिल्या. त्याने पडदा ओढला, मुशीत दोन्ही अंगठ्या ठेवल्या, सोनं नीट वितळावं म्हणून वर टाकणखाराची चिमूट टाकली आणि गॅसची ज्योत पेटवली.

बाहेर दोघं बोलत होती.

"निघताना खिडकी लावलीस का?" हा जड, भरलेला आवाज.

"लावली." हा बारीक, कोरडा.

"स्वयंपाकघरातली?"

"तीपण लावली."

ज्योत फरफरत होती. अंगठ्या काळवंडल्या, मग लाल झाल्या. मग नारिंगी. कडा मऊ पडल्या. एक अंगठी मधून बसली, आपली आपल्यातच मिटली आणि तिचा थेंब झाला. मग दुसरी. मुशीच्या तळाशी दोन लखलखीत थेंब शेजारी शेजारी थरथरत होते.

"जाताना दूध घ्यायला हवं," बारीक आवाज म्हणाला.

"घेऊ," जड आवाज म्हणाला. "तू दमलीस का?"

"नाही. तू?"

सोनाराने मूस किंचित कलती केली. थेंब एकमेकांना लागले. क्षणभर मधे कंबरेसारखी खाच दिसली. मग ती भरून आली. एकच गोल थेंब झाला आणि स्वतःभोवती सावकाश फिरू लागला.

"नाही," बाहेरून आवाज आला. "दमलो नाही. दमले नाही. थोडं बसू. बसलोच आहोत. दूध घ्यायला हवं. घेऊ. खिडकी लावली का? लावली."

आवाज ना जड होता, ना बारीक. मधे श्वास घ्यायला जागा नव्हती. विचारणं आणि सांगणं एकाच दमात चाललं होतं, शांतपणे, कुठेही न अडखळता.

सोनाराच्या कपाळावरचा घाम भुवयांत उतरला. आता ओतायचं. ओतायला हवं. मग पट्टी काढायची, मग मधोमध कापायचं. अर्धं आणि अर्धं. काटा अचूक होता, केसभराचाही फरक पडला नसता. पण हे अर्धं कोणाचं आणि ते अर्धं कोणाचं? फिरणाऱ्या थेंबाकडे बघत त्याने शोधायचा प्रयत्न केला. कुठे एखादी रेघ, एखादी सावली. पोरीच्या रंगाचं काही. सोनं सगळीकडून सारखंच चमकत होतं.

ओतलं की ते थिजेल, हे त्याला कळलं. थिजलं की झालं. वितळलेलं आहे तोवर अजून काही ठरलेलं नाही. त्याने ज्योत आणखी मोठी केली.

बाहेरचं बोलणं थांबलं.

एक खुर्ची सरकली. एकच. ओल्या तळव्यांची पावलं वाजावीत तसं काहीतरी फरशीवरून आलं, संथ, घाई न करता, आणि पडद्यापाशी थांबलं. पडद्याच्या खाली त्याने बघितलं नाही. बघायचं नाही, एवढंच तो स्वतःला बजावत होता.

"झालं का?" पडद्याला लागून आवाज आला. त्यात लहानपणीची लेक होती, आणि दुसरंही कोणी होतं. "किती वेळ?"

"मागे हो!" सोनार ओरडला. "खुर्चीवर बस जाऊन! माझ्या कामात मधे येऊ नको, सांगून ठेवतो!"

आयुष्यभर त्याच्या या आवाजाने माणसं मागे सरली होती. पडदा हलला. कडेला चार बोटं आली आणि त्यांनी कापड धरलं. त्याला न बघता दिसलं की एका बोटावर अंगठीची पांढरी खूण होती, आणि ते बोट पुरुषाचं नव्हतं आणि बाईचंही नव्हतं.

तेवढ्यात ज्योत एकदा फडफडली. टाकीतला गॅस संपत आला होता. निळी टोकदार जीभ आखूड झाली, पिवळी पडली. थेंबाचं फिरणं मंदावलं. त्याच्या कडेवर काळपट साय धरू लागली.

म्हाताऱ्याने फुंकायची जुनी नळी तोंडात धरली आणि विझत्या ज्योतीवर जीव खाऊन फुंकायला सुरुवात केली. गाल फुटेपर्यंत, छातीत कळ येईपर्यंत. मागून पडद्याच्या कड्या दांडीवरून एक एक करून सरकत होत्या. तो वळला नाही. तो फुंकत राहिला.